कानामागचे मशीन शिट्टी का मारते? हाडातून ऐकवणारे यंत्र कोणाला चालते, कोणाला नाही

गेल्या वर्षावासात आम्ही भोर तालुक्यातील एका बौद्धवाडीत आरोग्याच्या गप्पांसाठी गेलो होतो. विहारात ग्रंथवाचन चालू होते. बाकीच्या उपासिका पुढे बसल्या होत्या. एक आजी मात्र दाराजवळ, भिंतीला टेकून बसल्या होत्या. वाचन संपल्यावर आम्ही जवळ जाऊन विचारले, "आजी, पुढे का नाही बसलात?" आजी अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "पुढं बसून काय करू? ऐकूच येत न्हाई." सून म्हणाली, "मशीन आणलंय त्यांना. घालतच न्हाईत." आजी म्हणाल्या, "लय शिट्ट्या मारतंय. आन् घातलं की कान वाहतोय."

ते मशीन तांदळाच्या डब्यात कापडात गुंडाळून ठेवले होते. घरच्यांनी पैसे जमवून घेतलेले, कानाच्या भोकात बोंडूक घालून वापरायचे नेहमीचे मशीन. तपासणीचा कागदही पिशवीत होता. तो वाचल्यावर कळले की आजींचे चुकत नव्हते, मशीनही बिघडलेले नव्हते. त्या कानाला ते मशीन योग्यच नव्हते. आजींचा कान लहानपणापासून वाहणारा. त्यांना कानाच्या भोकातून नव्हे, तर कानामागच्या हाडातून ऐकवणारे मशीन हवे होते.

हाडातून ऐकवणारे मशीन हा शब्द पुष्कळांनी ऐकलेला नसतो. ज्यांनी ऐकलेला असतो, त्यांना वाटते की हे सगळ्या बहिरेपणावरचे नवे औषध आहे. दोन्ही गोष्टींमुळे नुकसान होते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर एवढाच विषय घेतला आहे. हे मशीन कोणत्या कानाला चालते, त्याची मर्यादा कुठे येते, आणि शिट्टी त्या मर्यादेबद्दल काय सांगते, ते पाहू.

कान दोन वाटांनी ऐकतो

एक साधा प्रयोग करा. दोन्ही कानांत बोटे घाला आणि तोंड मिटून 'हं' असा सूर धरा. बाहेरचे आवाज मंदावतात, पण स्वतःचा आवाज मोठा घुमतो. कान बंद करून फुटाणे चावा. कुरकुर केवढी मोठी ऐकू येते! हा आवाज कानाच्या भोकातून आलेला नाही. जबड्याच्या आणि डोक्याच्या हाडातून तो थेट आतल्या कानापर्यंत गेला.

म्हणजे आवाजाला दोन वाटा आहेत. पहिली हवेची: कानाचे भोक, पडदा, पडद्यामागची तीन इवली हाडे आणि मग आत गोगलगाईच्या शंखासारखा असलेला आतला कान. दुसरी हाडाची: कवटीचे हाड हलते आणि ती थरथर सरळ त्या शंखात पोहोचते. पडदा, तीन हाडे, कानातला पू, बंद भोक हे सारे बाजूला राहते.

पडद्याला भोक पडले, मधली हाडे झिजली, कान सतत वाहत असला किंवा जन्मतः कानाचे भोकच नसले, तर हवेची वाट अडते. आतला शंख मात्र पुष्कळदा ठणठणीत असतो. अशा माणसाला हाडाची वाट मोकळी असते. उलट वय, मोठा आवाज, काही औषधे किंवा ताप यांमुळे शंखातील ऐकण्याच्या पेशीच मेल्या असतील, तर कोणत्याही वाटेने आवाज नेला तरी पोहोचायच्या ठिकाणीच अडचण असते. लोक याला 'नसेचा बहिरेपणा' म्हणतात. काही जणांत दोन्ही मिसळलेले असते.

घरात ओळखता येणाऱ्या खुणा

तपासणीशिवाय निदान होत नाही. पण घरच्या माणसांना काही गोष्टी आधी दिसतात.

वाट अडलेल्या माणसाला स्वतःचा आवाज हाडातून मोठा ऐकू येतो, म्हणून तो हळू बोलतो. त्या आजींसारखा. त्याच्याशी मोठ्याने बोलले की शब्द स्वच्छ कळतात. कान वाहण्याचा, फुटण्याचा जुना इतिहास बहुतेक वेळा असतो.

नसेचा बहिरेपणा असलेला माणूस सहसा मोठ्याने बोलतो. "आवाज येतोय, पण काय बोलतोयस ते कळत न्हाई," असे म्हणतो. हळू बोललेले ऐकू येत नाही आणि जरा मोठ्याने बोलले की "ओरडतोस कशाला?" म्हणून चिडतो. घरचे म्हणतात, हवे तेवढेच ऐकतो. तसे नसते. त्याचा कानच तसा झालेला असतो.

दवाखान्यात डॉक्टर एका चिमट्यासारख्या धातूच्या काट्यानेही फरक पाहतात. काटा वाजवून आधी कानासमोर धरतात, मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवतात. हाडावर जास्त मोठा वाटला, तर हवेची वाट अडलेली असण्याची शक्यता मोठी. दोन मिनिटांची ही तपासणी आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलात तर ती करून घ्या.

कागदावरच्या दोन रेषा

कानाच्या तपासणीचा आलेख मिळतो. त्याला ऑडिओग्राम म्हणतात. कागदावर डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक, चिरके आवाज. वरून खाली आकडे वाढत जातात. ते डेसिबल, म्हणजे आवाज किती मोठा केल्यावर ऐकू आला त्याचे माप. खूण जितकी खाली, तितके ऐकणे कमी.

उजव्या कानाची हवेची खूण लाल गोल, डाव्या कानाची निळी फुली. बहुतेक लोक, आणि कित्येक विक्रेतेही, एवढेच पाहतात. पण त्याच कागदावर हाडाच्या वाटेची दुसरी रेषा असावी लागते. तिच्या खुणा बाणाच्या टोकासारख्या किंवा चौकोनी कंसासारख्या असतात. कानामागे छोटा कंपक, म्हणजे थरथरणारे बटण, लावून ही तपासणी होते.

हाडातून ऐकवणाऱ्या मशीनचा निर्णय या दुसऱ्या रेषेवर होतो. ती कागदावर नसेल, तर तपासणी अर्धी झाली आहे.

आजींचा कागद उदाहरणाला घेऊ. ५००, १००० आणि २००० या तीन स्वरांवर हवेची रेषा प्रत्येकी ६० डेसिबलवर होती. म्हणजे सरासरी ६०. समोर बसून केलेले साधे बोलणेही त्यांना जेमतेम ऐकू येणार. पण हाडाची रेषा १०, १५ आणि २० वर होती. बेरीज ४५, सरासरी १५. म्हणजे आतला शंख जवळजवळ तरुण माणसासारखा! ६० आणि १५ यांच्यात अंतर ४५ डेसिबल. एवढा आवाज वाटेतच अडत होता.

आता दुसरा माणूस घ्या. भाताच्या गिरणीवर आयुष्य गेलेला. हवेची रेषा तीच, ६० डेसिबल. हाडाची रेषा ५५. अंतर फक्त ५. फक्त हवेची रेषा पाहिली तर हा माणूस आणि आजी सारखेच बहिरे. पण आजींना हाडाचे मशीन उत्तम चालेल, आणि गिरणीवाल्या बाबांना तेच मशीन निराश करील. त्यांना कानात घालायचे चांगले, नीट जुळवलेले नेहमीचे मशीनच योग्य.

जाणकारांचा ढोबळ नियम असा की दोन रेषांतले अंतर ३० डेसिबलपेक्षा जास्त असेल, तर हाडाच्या मशीनचा विचार जरूर करावा. कारण कानातल्या मशीनला आवाज त्या अडलेल्या वाटेतून ढकलत न्यावा लागतो. हाडाचे मशीन ती वाटच टाळते.

एक गोष्ट आवर्जून विचारा. हाडाची तपासणी करताना दुसऱ्या कानात 'खरखर' आवाज सोडला होता का? कवटी एकच असल्याने एका बाजूची थरथर दुसऱ्या बाजूच्या कानातही जाते. चांगल्या कानाला खरखरीत गुंतवून ठेवले नाही, तर वाईट कानाच्या नावावर चांगल्या कानाचे ऐकणे लिहिले जाते. याला मास्किंग म्हणतात.

शिट्टी म्हणजे काय

१४ एप्रिलच्या कार्यक्रमात वक्ता माईक हातात घेऊन साऊंड बॉक्सच्या पुढे गेला की काय होते ते सगळ्यांना ठाऊक आहे. कुईईई! बॉक्सचा आवाज माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा बॉक्समधून येतो, पुन्हा माईकमध्ये शिरतो. साऊंडवाला आवाज कमी करतो, तेव्हा ती थांबते. यालाच फीडबॅक म्हणतात.

कानाच्या मशीनमध्येही हेच होते. कानातल्या मशीनचे बोंडूक सैल बसले की आवाज फटीतून बाहेर येऊन मशीनच्या माईकमध्ये शिरतो.

हाडाच्या मशीनमध्ये तर माईक आणि कंपक बहुधा एकाच छोट्या डबीत असतात. म्हणजे माईक आणि साऊंड बॉक्स एकमेकांना चिकटून ठेवल्यासारखे. कंपक हाड हलवतो, तशी डबी आणि डोक्याची कातडीही थोडी हलते, हवेतही बारीक आवाज निघतो. तो माईकपर्यंत पोहोचतो. मशीनचा आवाज एका पातळीपेक्षा वाढवला की शिट्टी सुरू. त्या पातळीपुढे मशीन कितीही महाग असले तरी नेता येत नाही. बारीक स्वरांत हा त्रास जास्त जाणवतो, आणि 'स', 'श', 'त' ही अक्षरे नेमकी तिथेच असतात. म्हणून शिट्टी थांबवायला बारीक स्वर कापले, तर आवाज येतो पण शब्द बोथट होतात.

दुसरी मर्यादा कंपकाच्या ताकदीची. इवलासा कंपक हाडाला ठराविक जोरापेक्षा जास्त हलवू शकत नाही. आतला शंख जितका कमजोर, तितका जोर जास्त लागतो. मग एकीकडे कंपकाची ताकद संपते, दुसरीकडे शिट्टी सुरू होते. मधली मोकळी जागा उरतच नाही.

म्हणूनच हे मशीन हाडाची रेषा वर असलेल्यांसाठी आहे. वाटेत किती आवाज अडतो याची त्याला फिकीर नाही. आतला शंख किती थकलेला आहे, याची मात्र आहे.

कोणत्या मशीनला किती मर्यादा

प्रत्येक कंपनीचे आकडे थोडे वेगळे असतात, पण साधारण चित्र असे आहे. सगळे आकडे हाडाच्या रेषेच्या सरासरीचे आहेत.

• कातडीवरून लावायची मशीन (डोक्याचा पट्टा, चिकटपट्टी, लोहचुंबक): हाडाची रेषा २५ ते ३० डेसिबलपर्यंत. कातडी, चरबी आणि केस थरथर खातात, बारीक स्वरांत १० ते १५ डेसिबल किंवा अधिकही. तेवढी भरपाई करायला आवाज वाढवावा लागतो आणि शिट्टी लवकर गाठते.

• शस्त्रक्रिया करून हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या खिळ्यावर लावायचे साधे मशीन: ४५ डेसिबलपर्यंत.

• त्याच खिळ्यावरचे जास्त ताकदीचे मशीन: ५५ डेसिबलपर्यंत.

• सर्वांत ताकदीचे, ज्यात माईकचा भाग कंपकापासून वेगळा ठेवलेला असतो: ६५ डेसिबलपर्यंत. माईक दूर नेला की शिट्टीला वाव कमी, म्हणून मर्यादा वर सरकते.

• कंपकच कातडीखाली बसवायचे नवे प्रकार: मॉडेलप्रमाणे ४५ किंवा ५५ डेसिबल.

• एक कान पूर्ण गेलेला आणि दुसरा उत्तम असेल, तर गेलेल्या बाजूचे मशीन हाडातून आवाज चांगल्या कानाकडे पाठवते. त्यासाठी चांगल्या कानाची हवेची रेषा २० डेसिबल किंवा त्याहून चांगली हवी.

आपली रेषा नेमकी मर्यादेवर असेल, तर एक पायरी वरचे मशीन पाहावे. वय वाढते तसा शंख आणखी थकतो. आज ४५ वर असलेला माणूस काही वर्षांनी ५० वर जाऊ शकतो.

टायटॅनियमचा खिळा हाडाशी एकजीव होतो, हा शोध स्वीडनचे ब्रोनेमार्क यांच्या संशोधनातून पुढे आला. त्याच देशातील गोटेनबर्ग येथे १९७७ साली पहिल्या रुग्णांना कानामागे असा खिळा बसवला गेला. तंत्र जुने आणि पारखलेले आहे. अडचण किमतीची आहे. खिळा आणि मशीन मिळून खर्च लाखांत जातो. चांगल्या कंपनीच्या पट्ट्यावरच्या मशीनलाही सहसा लाखाच्या पुढे पैसे पडतात.

पण एक जुना, स्वस्त मार्ग अजून उपयोगी आहे. खिशात ठेवायच्या डबीच्या मशीनला वायरने कंपक जोडतात आणि तो स्टीलच्या पट्टीने कानामागे दाबून बसवतात. हे हजारांत येते. माईक खिशात आणि कंपक डोक्याला, त्यामुळे शिट्टी कमी. दिसायला जाड, पट्टी दुखते, कपड्यांची सळसळ ऐकू येते, हे तोटे आहेत. तरी हाडाची रेषा चांगली असलेल्या गरीब माणसाला ते आवाजाशी जोडून ठेवते. दुकानदार त्याचे नाव सहसा काढत नाही. आपण विचारावे.

ऑनलाईन मिळणारे 'बोन कंडक्शन' हेडफोन हे गाणी ऐकण्याचे साधन आहे. ते कोणाच्या आलेखाप्रमाणे जुळवलेले नसते. मुलांनी प्रेमाने आणले तरी त्याला कानाचे मशीन समजू नका.

शिट्टी आली तर काय समजावे

शिट्टी आली म्हणून मशीन लगेच डब्यात टाकू नका. आधी ती कधी येते ते पाहा.

पदर, ओढणी, टोपी, फेटा, हेल्मेट किंवा लावणीच्या वेळचे इरले डबीला लागल्यावर येते का? उशीला, भिंतीला किंवा एसटीच्या सीटला डोके टेकल्यावर? चष्म्याची काडी किंवा कानाची पाळी डबीला घासते का? मग दोष मशीनचा नाही. डबीभोवती मोकळी जागा ठेवा. केस बाजूला सारून कंपक कानामागच्या उंचवट्यावर बसवा, पाळीला लागू देऊ नका. पट्टा सैल असेल तर नीट करा. पण इतका आवळू नका की कातडी लाल होऊन दुखेल. फोन कानाला न लावता मशीनच्या माईकजवळ, थोडे अंतर ठेवून धरा.

काहीही लागत नसताना सतत शिट्टी येत असेल, तर मशीन ज्यांनी जुळवले त्यांच्याकडे परत जा. तिथे मशीन डोक्यावर लावूनच 'फीडबॅक टेस्ट' करता येते. प्रत्येक स्वरावर शिट्टीविना किती आवाज देता येतो, ते त्यात कळते. नवीन मशीनमध्ये शिट्टी दाबण्याची सोय असते. तिने थोडी जागा मिळते, पण फुकट नाही. वंदनेतला लांबवलेला सूर किंवा घंटेचा नाद मशीनला शिट्टीच वाटू शकतो आणि तो चिरका, घुमल्यासारखा ऐकू येतो.

सर्वांत महत्त्वाची खूण ही: शिट्टी थांबावी म्हणून आवाज कमी केला आणि त्या आवाजावर ऐकूच येईना, तर तो कान त्या मशीनच्या मर्यादेबाहेर आहे. तिथे दुरुस्ती करून उपयोग नाही. जास्त ताकदीचा प्रकार, नेहमीचे कानातले मशीन किंवा दुसरा उपचार यांचा विचार करावा लागतो. हे विकत घेण्याआधीच कळावे, म्हणून पट्ट्यावरचे मशीन काही दिवस घरी वापरून पाहायला मागा. शांत खोलीत सगळेच छान वाटते. चुलीपाशी, अंगणात, विहारात, एसटीत काय होते ते पाहा. मात्र खिळ्यावरचे मशीन पट्ट्यापेक्षा स्पष्ट ऐकवते, हे ध्यानात ठेवा. त्याचा अंदाज यावा म्हणून काही ठिकाणी मशीन दांडीला लावून ती दातांत धरायला देतात.

आधी कान, मग मशीन

वाहणारा कान हा आधी आजार आहे. त्यावर उपचार आधी, मशीन नंतर. पुष्कळांचा पडदा शस्त्रक्रियेने शिवता येतो, मधली हाडे जोडता येतात, आणि मग मशीनची गरजच उरत नाही. घाण वास येणारा पू असेल तर आत हाड कुरतडणारा आजार असू शकतो. तो तसाच ठेवून मशीन लावणे धोक्याचे आहे. कानामागे सूज, तोंड वाकडे होणे, चक्कर, तापासोबत जोराची डोकेदुखी यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कानात तेल, पाल्याचा रस, दूध काहीही घालू नका. वाहणाऱ्या कानात पाणी जाऊ देऊ नका. अंघोळीला कापसाच्या बोळ्याला व्हॅसलीन लावून कान बंद करा. मुलांना भाटघर किंवा पानशेतच्या पाण्यात बुड्या मारू देऊ नका. ज्यांचा कान उपचारानंतरही वाहत राहतो, त्यांना बोंडूक घालून भोक बंद केले की पू साचतो. आजींच्या बाबतीत हेच झाले. अशांसाठी हाडाचे मशीन भोक उघडे ठेवते, हा त्याचा मोठा फायदा.

बंद कान घेऊन जन्मलेले मूल

काही बाळे लहानशी पाळी आणि बंद भोक घेऊन जन्माला येतात. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून असे झाले, असे आजही सांगितले जाते. हे साफ खोटे आहे. गर्भात कानाची घडण अर्धी राहिली, एवढेच खरे. त्या आईला बोल लावण्यात घालवलेले दिवस मुलाच्या बोलण्याचे दिवस असतात.

अशा बाळाचा आतला शंख बहुतेकदा चांगला असतो. हाडाच्या रेषेची मर्यादा त्याला आडवी येत नाही. तो मशीनसाठी सर्वांत योग्य. मऊ पट्ट्यावरचे मशीन काही महिन्यांच्या बाळालाही लावता येते. खिळ्यासाठी कवटीचे हाड जाड व्हावे लागते, म्हणून साधारण ५ वर्षांपर्यंत थांबतात. पण दोन्ही कान बंद असतील तर पट्ट्यासाठी थांबू नये. पहिल्या वर्षात ऐकले नाही तर बोलणे मागे पडते, आणि शाळेत ते मूल 'ढ' ठरते. बंद भोकात नेहमीची ओएई तपासणी होत नाही. झोपेत केली जाणारी बेरा तपासणी, तीही हाडावरून, करायला सांगा.

भोर-वेल्ह्याहून कुठे जायचे

आधी आशाताईंना सांगा. मूल अंगणवाडीत किंवा शाळेत असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून अंगणवाडीत दोनदा आणि शाळेत एकदा येते. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कानाचे दोष त्यांच्या यादीत आहेत. पथक आले की मुलाला घरी ठेवू नका. मोठ्यांनी भोरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचे ग्रामीण रुग्णालय इथून पुण्यासाठी चिठ्ठी घ्यावी. पुण्यात ससून आणि औंधचे जिल्हा रुग्णालय आहे. मोठ्या तपासण्यांसाठी मुंबईत वांद्रे येथे केंद्र सरकारची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून याच कामासाठी आहे.

शस्त्रक्रियेचा प्रश्न आला तर रेशनकार्ड, आधार घेऊन रुग्णालयातील आरोग्यमित्रांना भेटा आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ती बसते का विचारा. मशीनसाठी केंद्राची एडिप योजना आहे. तिला अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ६० डेसिबल किंवा जास्त नुकसान असेल तर ते धरले जाते. एकच कान गेलेल्यांना ही वाट बहुधा मिळत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

चेलाडी फाट्यावरून एसटी पकडून पुण्याला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते. ती वाया जाऊ नये म्हणून हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

१. हवेची आणि हाडाची, दोन्ही रेषा काढल्या का? मास्किंग केले का?
२. हाडाच्या रेषेची सरासरी किती? दोन रेषांत अंतर किती?
३. शस्त्रक्रियेने कान सुधारेल का?
४. हे मशीन किती डेसिबलपर्यंत चालते? आमचा कान त्यात बसतो का?
५. घरी वापरून पाहायला मिळेल का? शिट्टीची तपासणी डोक्यावर लावून कराल का?
६. सेल, पट्टा, दुरुस्ती यांचा पुढचा खर्च किती?

जुने कागद टाकू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. मशीन मिळाल्यावर आपल्याकडच्या पावसात ते रोज रात्री पुसून, सेलचे झाकण उघडून, कोरड्या डबीत ठेवा.

आजींना आम्ही पुण्याला पाठवले. कान आधी औषधाने कोरडा केला. पडद्याची शस्त्रक्रिया या वयात नको, असे घरच्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवले. मग डबीचे मशीन आणि कानामागचा कंपक. पट्टी टोचते, अशी त्यांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. संध्याकाळी त्या काढून ठेवतात. पण रविवारच्या वंदनेला त्या आता दाराजवळ नसतात. दुसऱ्या रांगेत बसतात, आणि वाचणाऱ्याने एखादी ओळ गाळली तर सांगतात.

आपल्या वस्तीतही कोणी दाराजवळ बसत असेल. त्यांचा तपासणीचा कागद काढा आणि त्यावर दुसरी रेषा आहे का, एवढे आधी पाहा.